टेबलावरची लढाई, पानावरची पंचाईत

दिवाळीनंतरच्या अंकात आपण वॉरगेमबद्दल लिहिलं होतं. म्हणजे प्लायवूडवर नदी-टेकड्या मांडायच्या, बोटाएवढे सैनिक उभे करायचे, फासे टाकायचे आणि होऊन गेलेली लढाई पुन्हा लढून बघायची. शेवटी म्हटलं होतं की खेळ झाला की वृत्तांत लिहून पाठवा. पाठवलेत की राव! टपालानं आले, पेनड्राइव्हवर आले, एकाचा तर भाच्याच्या हातानं डब्यात चिवड्याखाली ठेवून आला, पाकिटाला अजून लसणाचा वास येतोय. पण बहुतेकांचा घोळ एकच आहे, खेळ भारी, फोटो भारी, मजकूरही बरा, आणि तिन्ही एका पानावर आणले की कोण कुठून आलं, कुणी कुणाला मारलं, काही पत्ता लागत नाही. म्हणून ह्या महिन्यातली सगळी उत्तरं फोटो आणि मजकूर कसा लावायचा ह्यावरच.

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी असईची लढाई २८ मिमी सैनिक घेऊन खेळली, दोन रविवार गेले. ९४ फोटो काढलेत, सगळेच टाकावे वाटायलेत. सहा पानांचा वृत्तांत करायचाय. कुठले ठेवू, कुठले काढू, आणि फोटो आधी का मजकूर आधी? – एक वाचक, जालना

तुमचे ९४ फोटो मी सतरंजीवर पसरून बघितले. त्यातले ३१ हत्तीचे आहेत. हत्ती देखणा रंगवलाय, झुलीवरची पिवळी बुट्टी तर मी भिंग लावून बघितली, पण दादा, तुमचाच मजकूर वाचला तर हा हत्ती अख्ख्या खेळात जागचा हललेला नाही. त्याचा एक फोटो ठेवा, सुरुवातीला. बाकीचे तीस घरच्या अल्बमला.

आता फोटो बाजूला सारा. एक चिठ्ठी घ्या आणि खेळ कुठं कुठं फिरला तेवढंच लिहा. पाच-सहा ओळींच्या वर जाणार नाही. असई तुमच्याच जिल्ह्यातली, तुम्हाला ती तोंडपाठ असेल, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. २३ सप्टेंबर १८०३. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून आला, समोर केळना नदी, पलीकडं शिंदे-भोसल्यांची फौज. त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्यानं अंदाज बांधला की एवढी जवळ गावं आहेत म्हणजे मधून उतार असणारच, आणि उतार निघालाच. फौज नदी उतरून पूर्वेच्या बाजूला आली. मग शिंद्यांच्या कवायती पायदळाचा जर्मन अधिकारी पोलमन, त्यानं दक्षिणेकडं तोंड करून उभी असलेली अख्खी रांग वळवून पूर्वेकडं केली, एक टोक केळनेला, दुसरं जुई नदीकाठच्या असई गावाला. इंग्रजांची उजवी बाजू, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या आणि ७४वी हायलँडर पलटण, भरकटत असईच्या घरांपर्यंत गेली आणि तोफांनी भाजून निघाली, मग मॅक्सवेलचं घोडदळ धावलं. डावीकडं ७८वी केळनेच्या कडेनं तोफांवर चालून गेली. संध्याकाळी मॅक्सवेल मेलेला आणि लढलेल्या साधारण साडेचार हजारांतले दीड हजारावर इंग्रज बाजूचे लोक मेलेले किंवा जखमी.

ह्यात फोटो किती झाले? उतार, वळायच्या आधीची रांग, वळल्यानंतरची रांग, असईजवळची ७४वी, घोडदळ, शेवटचं मैदान. सहा. वर एक नकाशा आणि तो हत्ती. सहा पानांना एवढं पुष्कळ झालं.

खरी मेख त्या वळलेल्या रांगेत आहे. तुम्ही आधीचा फोटो खिडकीच्या बाजूनं काढलाय आणि नंतरचा दाराच्या बाजूनं. त्यामुळं झालंय काय की पहिल्या फोटोत इंग्रज उजवीकडं आणि दुसऱ्यात डावीकडं, मी ही लढाई वाचलेला माणूस, तरी मला दोन मिनिटं वाटलं की वेलस्ली पळून चाललाय. टेबलाची एक बाजू धरा आणि खेळ संपेपर्यंत तिथंच स्टूल ठेवा. असईला सगळ्यात सोयीची बाजू केळनेची, म्हणजे दक्षिण. तिथून बघितलं की इंग्रज उजव्या हाताला, शिंद्यांची फौज डाव्या हाताला, असई गाव वर मागं, आणि नकाशात उत्तर वर ठेवली की नकाशाही डिट्टो तसाच दिसतो. वाचणाऱ्याची मान एकदाही फिरत नाही. जवळून काढलेला, सैनिकाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो हवाच असेल तर घ्या, पण तोही त्याच बाजूनं.

आणि रांग वळायच्या आधीचा न् नंतरचा हे दोन फोटो एकाच मापाचे करून एकाखाली एक लावा, मध्ये मजकूर घालूच नका. तुम्ही तिथं अख्खा परिच्छेद लिहिलाय, 'पोलमनच्या पलटणींनी अत्यंत शिस्तबद्ध रीतीने आपले तोंड' वगैरे. तो काढून टाका. कोण कुठं उभं आहे हे फोटो सांगतो. का उभं आहे, फासा काय पडला, तुमचा मित्र त्या वेळी काय ओरडला, हे फोटोला सांगता येत नाही, तिथं शब्द खर्च करा. आपल्या बखरकारांकडं कॅमेरा नव्हता म्हणून त्यांना हत्ती, घोडे, धूळ सगळं शब्दांतच उभं करावं लागलं, तुमच्या खिशात फोन आहे.

फोटो आधी का मजकूर, ह्याचं उत्तर एकच नाही, पण एक पथ्य आहे : फासा पडायच्या आधी मेलेला घोडा दाखवू नका. तुमच्या तिसऱ्या पानावर वरच घोडदळाच्या हल्ल्यानंतरचा फोटो आहे, सगळे आडवे, आणि खाली मजकुरात 'आता घोडदळ वेळेत पोचेल का?' असं विचारलंय. अहो पोचलं की, वर दिसायलंय! माणूस पान उघडलं की आधी चित्रं बघतो, मग वाचतो. म्हणून असा प्रश्न उजव्या पानाच्या तळाला आणा आणि त्याचा फोटो पान उलटल्यावर वर ठेवा. छापील पानाला ही एक फुकटची सोय आहे.

फोटोओळीचंही बोलूनच टाकतो. तुमची ओळ आहे, '७४वी पलटण असई गावाजवळ'. ते तर दिसतंयच. त्याजागी असं लिहून बघा : 'टर्न ५. ७४वीच्या चार स्टँडांपैकी दोनच उरलेत. तिच्या उजवीकडची मोकळी जागा बघा, घोडदळ तिथूनच येणार आहे.' (टर्न म्हणजे खेळाची एक फेरी, स्टँड म्हणजे एका पट्टीवर चिकटवलेला सैनिकांचा गट.) नुसती चित्रं चाळणारा माणूस पण फोटोओळी वाचतोच, त्याला तेवढ्यावर निम्मी लढाई कळली पाहिजे, कळली तर तो मजकुराकडं वळेल.

प्रश्न : आमचा पालखेडचा खेळ छान झाला पण फोटो बघितले तर सगळे सारखेच, घोडे इकडून तिकडं. लढाई अशी झालीच नाही. वृत्तांतात दाखवायचं काय? – वाचक, वैजापूर

पालखेड तशीच आहे हो, त्यात तुमचा दोष नाही. बाजीराव निजामाच्या समोर न येता जालना मार, बुऱ्हाणपूरची हूल दे, गुजरातेत घुस, असं करत राहतो, निजाम कंटाळून पुण्यात शिरतो, तर हा परत औरंगाबादच्या रोखानं येऊन त्याला पुण्यातून बाहेर ओढतो. निजाम वेगानं यायचं म्हणून जड तोफा मागं ठेवतो आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये तुमच्या तालुक्यात पाण्यावाचून कोंडला जातो. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह. ह्यात फोटोजोगी मारामारी किती? जवळपास नाहीच. ही नकाशाची लढाई आहे.

एकच साधा नकाशा काढा, गोदावरी, चार-पाच गावं, बस. त्याच्या तीन कॉप्या एकाशेजारी एक लावा, तिन्हींत गावं न् नदी जिथल्या तिथं, बदलणार फक्त बाण. काळं-पांढरं छापणार असाल तर बाजीरावाचा बाण भरीव आणि निजामाचा तुटक, रंगावर भिस्त ठेवू नका, झेरॉक्समध्ये लाल आणि निळा दोन्ही काळेच येतात. हे काही कमीपणाचं नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झचा जो युद्धखेळ सुरू झाला त्यात सैनिक नव्हतेच, १ : ८००० च्या नकाशावर लाल आणि निळे ठोकळे सरकवायचे, एवढ्यावर अधिकारी तयार व्हायचे.

फोटो मात्र तुमच्याकडं एक फार भारी आहे आणि तो तुम्ही कोपऱ्यात लहान करून टाकलाय. निजामाच्या पाण्यासाठी तुम्ही स्टीलच्या वाटीत निळे मणी ठेवले होते ना, दर टर्नला काढायचे. त्या वाटीचे तीन फोटो लावा. भरलेली, तळाला चार मणी, रिकामी. त्याच वाटीचे, वरून, एकाच मापाचे, तिन्ही नकाशांच्या खाली एकेक. पालखेडचा ह्याच्यापेक्षा चांगला फोटो हजार घोडे उभे करूनही मिळणार नाही, खरंच सांगतो.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. माझे सैनिक प्लॅस्टिकचे आहेत आणि रंगवलेले नाहीत. फोटो पण धूसर येतात. असा वृत्तांत पाठवला तर हसतील का? – अंबाजोगाई

हसत नाही रे. १९१३ साली एच. जी. वेल्स ह्या मोठ्या इंग्रजी लेखकानं खेळण्यातल्या सैनिकांच्या खेळावर 'लिटल वॉर्स' नावाचं अख्खं पुस्तक काढलं, त्यात हुक्स फार्म नावाच्या एका लढाईचा वृत्तांत फोटोंसकट दिलाय. काळे-पांढरे फोटो, खेळण्यातल्या तोफा. लोक अजून वाचतात.

न रंगवलेल्या सैनिकांची अडचण एवढीच की दोन्ही बाजू फोटोत सारख्या दिसतात. तुझे एका बाजूचे हिरवे आणि दुसऱ्या बाजूचे राखाडी आहेत, म्हणजे ती पण अडचण नाही. पहिल्याच फोटोखाली लिहून टाक की हिरवे म्हणजे कोण आणि राखाडी म्हणजे कोण.

धूसरचं कारण मला फोटोतच दिसलं, तू फोन सैनिकाच्या अगदी नाकाला लावतोस. जवळ गेलं की पुढचा एक स्पष्ट आणि मागची पलटण पिठासारखी. दोन वीत मागं सरक, हवा तेवढा भाग नंतर क्रॉप कर. स्क्रीनवर ज्या सैनिकाला महत्त्व आहे त्याच्यावर बोट दाबून धर, फोकस तिथं अडकतो. हात हलतो म्हणून फोन कशाला तरी टेकव, मी भाजणीच्या डब्याला टेकवतो. ट्यूबलाईटखाली सगळं हिरवट येतं आणि तुमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यापेक्षा सकाळी टेबल खिडकीजवळ ओढ, बारा वाजता नको, उन्हानं चेहरे पांढरे होतात. मागं कूलर आणि कालनिर्णय दिसतंय, तिथं निळसर कार्डशीट उभी कर, आभाळ होतं. आणि ते गवत म्हणून कोथिंबीर लावलीस ना, कल्पना झकास, पण पहिल्या फोटोत तरतरीत आणि शेवटच्या फोटोत माना टाकलेली, मला वाटलं लढाई चार दिवस चालली. त्यापेक्षा तुराट्यांचे बारीक तुकडे घे, आणि चाळलेली काळी माती. आई रागावणार नाही.

प्रश्न : मी डीटीपी करते. तुमच्या ह्या छंदातली दोन-तीन मंडळी वृत्तांत घेऊन येतात, वर्डच्या फाईलमध्ये फोटो कुठेही टाकलेले, एक ओळ वाढवली की फोटो पुढच्या पानावर उडी मारतो आणि ओळ मागंच राहते. शिवाय सगळ्यांना मजकूर फोटोला वळसा घालून हवा असतो. त्यांना तुम्हीच सांगा. – नांदेड

ताई, सांगतो, आणि आधी माझंच पाप सांगतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या स्मरणिकेत माझा खर्ड्याच्या लढाईचा वृत्तांत आला होता, बारा फोटो. मी फोटो वेगळे दिले, ओळी वेगळ्या कागदावर दिल्या आणि नंबर कशालाच नाहीत, म्हटलं कळेल की. छापून आलं तेव्हा सगळ्या ओळी एकेक घर सरकलेल्या. निजामाच्या छावणीच्या फोटोखाली 'परशुरामभाऊ पटवर्धन घोड्यावर', आणि चहाच्या ब्रेकला काढलेल्या आमच्या फोटोखाली 'तोफखान्याची पहिली फळी'. त्या तोफखान्यात माझे सासरे होते. आमच्याकडं अजून त्यांना तोफखाना म्हणतात. चूक पानं लावणाऱ्याची असं मी तेव्हा दोन महिने सांगत फिरलो, पण नंबर मी घातले नव्हते.

तर मंडळी, फोटोच्या फाईलच्या नावातच नंबर द्या, ०१, ०२, आणि मजकुरात जिथं तो फोटो हवा तिथं वेगळ्या ओळीवर तोच नंबर आणि खाली त्याची फोटोओळ लिहा. वर्डमध्ये फोटो चिकटवून आणूच नका, आणि स्वतःच घरी पान लावत असाल तर फोटोला 'इन लाईन विथ टेक्स्ट' ठेवा, म्हणजे तो अक्षरासारखा वागतो आणि उडत नाही. त्याहून पक्कं म्हणजे एक खणाचा, दोन ओळींचा टेबल घाला, वर फोटो, खाली ओळ, फोटोच्या ओळीला 'कीप विथ नेक्स्ट' लावा, बॉर्डर काढून टाका. मग कुठंही सरकवा, नवरा-बायको एकत्रच जातात.

वळसा घालायच्या बाबतीत मी ताईंच्या बाजूनं आहे. इंग्रजीत तीन-चार अक्षरी शब्द असतात, चिंचोळ्या जागेत बसतात. आपल्याकडं 'घोडदळाच्या', 'पिंपळगावाजवळच्या', 'परतवण्यासाठी', एकेका शब्दाला प्रत्ययाची शेपटी, आणि तो ओळीच्या शेवटी तुटत पण नाही. फोटोच्या बाजूला दोन बोटं जागा उरली की एका ओळीत दोन शब्द आणि मध्ये एवढी फट की त्यातून बैलगाडी जावी. म्हणून दोन कॉलमचं पान असेल तर फोटो एक तर बरोबर एका कॉलमच्या रुंदीचा किंवा दोन्ही कॉलमचा. दीड कॉलमचा फोटो मागणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. ओळी दोन्हीकडून समान करायचा हट्ट पण बारीक कॉलमात सोडा, डावीकडून सरळ ठेवा, उजवीकडं थोडं वरखाली झालं तर काय बिघडत नाही. आणि वेलांटी-उकाराला श्वास घ्यायला दोन ओळींत जागा सोडा, जागा वाचवायला ओळी दाबल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो छापायला घेऊ नका, तो आकसलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. १७ सेंटीमीटर रुंद चांगला छापायचा तर साधारण २००० पिक्सेल लागतात, एका कॉलमला हजारात भागतं. जुन्या फाँटमध्ये मजकूर बदलून घ्यावा लागत असेल तर बदलल्यावर फोटोओळी सगळ्यात आधी तपासा, मजकूर सगळे तपासतात आणि ओळी कुणीच तपासत नाही, आणि रफार नेमका तिथंच सरकतो.

प्रश्न : उदगीरच्या खेळात आमच्याकडं निजाम जिंकला. आता खरा इतिहास किती लिहायचा आणि खेळ किती? लोक चिडतील काय? – वाचक, उदगीर

तुमच्या गावात छापणार आणि निजाम जिंकलेला दाखवणार, धाडस आहे बुवा! पण चिडण्याचं कारण निजाम नाही, गोंधळ आहे. तुम्ही एकाच परिच्छेदात ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी काय केलं आणि तुमच्या मेहुण्यानं काय केलं हे एकाआड एक लिहिलंय. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा उडतायत आणि पुढच्याच वाक्यात फासा दिवाणाखाली गेलाय.

खरं काय झालं ते चौकटीत टाका. पंधरा-वीस ओळी, मागं हलकी करडी छटा, अक्षर किंचित बारीक, पहिल्याच पानावर. त्या चौकटीत टेबलाचा एकही फोटो नको. किल्ल्याचा आजचा फोटो असेल तर तो तिथं चालेल, तुम्हाला तो चालत जाऊन काढता येईल. बाहेर मूळ मजकुरात फक्त तुमचा खेळ, आणि फोटोओळीत दरवेळी 'टर्न ३', 'टर्न ६' असं येऊ द्या. 'भाऊंची माघार' अशी ओळ सुटी छापू नका, ते पान कुणी फाडून ठेवलं तर दहा वर्षांनी त्याचा इतिहास होतो. 'टर्न ६, आमच्या खेळात भाऊंची डावी बाजू मागं' असं लिहिलं की कुणाच्या बापाची चिडायची हिंमत नाही.

प्रश्न : प्रत्येक फासा लिहायचा का? – लातूर

नाही. ज्या फाशानं कुणीतरी खुर्चीवरून उठलं तेवढाच.

प्रश्न : राक्षसभुवनच्या लढाईत गोदावरी मध्ये आहे आणि आमचा टेबल लांबट आहे. फोटो दोन पानांवर पसरून टाकला तर चालेल का? पिनेत जातो म्हणतात. – गेवराई

एरवी मी नाहीच म्हणतो. मधोमध पिना असतात, तिथं फोटोचा बोटभर भाग गिळला जातो आणि नेमका सरदार तिथंच उभा असतो. पण तुमच्या लढाईला मी ही सूट द्यायला तयार आहे, कारण १० ऑगस्ट १७६३ ला झालं तेच तसं, निजामअली नदी उतरून पलीकडं गेलेला, गोदावरीला पूर, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडं अडकलेला, तो तिथंच मारला गेला. निजामाला दिसत असूनही येता येईना. मग पानाच्या शिवणीतच नदी ठेवा की! डाव्या पानावर अलीकडचा काठ, उजव्या पानावर निजाम, आणि गिळलं जाणार ते फक्त पाणी.

पण त्यासाठी फोटो काढतानाच नदी तुमच्या समोरून उभी गेली पाहिजे, म्हणजे टेबलाच्या अशा बाजूला उभं राहा की नदी पायाशी सुरू होऊन समोर लांब जाते. तुमचे सगळे फोटो नदी आडवी धरून आहेत. त्याचा अर्थ टेबल पुन्हा मांडावा लागेल, आणि तुम्ही म्हणता निळं प्लॅस्टिक आता पत्र्यावर गळती बंद करायला गेलंय. मग राहू द्या. आहेत ते फोटो पानाच्या रुंदीचे करा, एकावर एक दोन, वरच्यात पलीकडचा काठ, खालच्यात अलीकडचा, आणि दोन्हींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत मजकुराची एकच ओळ : त्या टर्नला पुराचा फासा किती पडला. नकाशात मात्र उत्तर वर आणि राक्षसभुवन नदीच्या खालच्या, दक्षिण काठाला, हे विसरू नका, तुम्ही ते वर काढलंय आणि गेवराईच्या माणसानं ही चूक केलेली मी कुणाला सांगणार नाही.

प्रश्न : खेळणाऱ्यांचे फोटो टाकावेत का? आमचे दाजी प्रत्येक फोटोत आहेत. – परभणी

एक टाका, शेवटच्या पानावर, छोटा. मी तुमचे फोटो बघितले. दाजी प्रत्येक फोटोत नाहीत, त्यांचं पोट आहे, टेकडीच्या मागं, आणि दोन ठिकाणी त्याला बघून मला खरंच वाटलं तुम्ही डोंगर वाढवला. फोटो काढताना त्यांना चहा आणायला पाठवत जा.